अकरा दिवस झाडपाल्यावर काढलेली मुलगी आणि केडगावचा माळ

केडगाव (ता. दौंड) : पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगाव स्टेशनात थांबते. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळं, ट्रॅक्टर, बाजाराची गर्दी. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं यातलं फारसं काही नव्हतं. होता तो उघडा माळ आणि मधून गेलेला आगगाडीचा रूळ. १८९५ च्या सुमारास एका विधवा बाईने या माळावर शंभर एकराच्या आसपास जमीन घेतली. त्या बाईच्या अंगावर साधं पांढरं लुगडं असायचं, कानाला कमी ऐकू यायचं, आणि पुण्यातली बरीच मोठी माणसं तिच्यावर नाराज होती. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंबद्दल शाळेच्या पुस्तकात चार ओळी असतात. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, शारदा सदन, मुक्ती मिशन, झालं. त्यांनी धर्म बदलला यावर आजही काहीजण भुवया उंचावतात आणि काहीजण त्याच एका गोष्टीसाठी त्यांना डोक्यावर घेतात. पण त्यांची श्रद्धा एका दिवसात आली नाही आणि सुखातही आली नाही. उपासमार, मरण, अपमान यांतून ती घडत गेली. ते समजून घ्यायचं तर केडगावच्या फार आधीपासून सुरुवात करावी लागते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीत, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातली एक बाई संस्कृत शिकते हे त्यांनी पाहिलं, आणि आपल्या बायकोलाही शिकवायचं हे मनात घेतलं. पहिली बायको तयार झाली नाही. पुढं ती वारल्यावर दुसरं लग्न झालं ते नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी. शास्त्रीबोवा तेव्हा चाळिशी ओलांडलेले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण काळ तो होता. त्यांनी या मुलीला खरंच संस्कृत शिकवलं. समाजातल्या लोकांनी जाब विचारला, तर शास्त्रांतलेच आधार काढून उत्तर दिलं आणि रानात जाऊन घर केलं.

ते घरही टिकलं नाही. येईल त्याला जेवू घालायचं, शिष्यांना सांभाळायचं, यात पैसा संपला आणि कर्ज झालं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. तिला वेताच्या टोपलीत घालून हमालाच्या डोक्यावरून नेलं. तेव्हापासून सोळा वर्षांची होईपर्यंत या मुलीला घर म्हणून ठाऊक झालं नाही. देवळात, धर्मशाळेत, नदीच्या घाटावर मुक्काम. वडील, आई, थोरला भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई आणि ही. पुराण सांगायचं, लोक देतील ते घ्यायचं, त्यातलं पुन्हा दानधर्मात घालायचं. शिकवणं आईकडं होतं. पहाटे उठवून आई पाठ घ्यायची. बाराव्या वर्षी रमेला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते.

१८७४ च्या आसपास मद्रास इलाख्यात दुष्काळाची झळ बसू लागली. लोकांच्याच घरात दाणा नाही तर पुराण कोण ऐकणार? दागिने गेले, रेशमी वस्त्रं गेली, तांब्यापितळेची भांडी विकली, शेवटचा पैसाही दानधर्मात गेला. घरातल्या कुणाला हातानं काही काम करता येत नव्हतं आणि विद्वान ब्राह्मणानं मजुरी करायची ही कल्पनाच नव्हती. भीक मागायची लाज. मग तिरुपतीच्या बाजूच्या रानात हे कुटुंब शिरलं, तिथंच मरायचं असं ठरवून. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यावर काढले. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी शेवटी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलानं अडवलं. आपण मजुरी करीन पण असं मरू देणार नाही, असं त्यानं सांगितलं आणि सगळे रानाबाहेर आले. पण उशीर झाला होता.

वडिलांनी शेवटच्या घडीला धाकट्या लेकीला जवळ ओढलं. डोळ्यांना दिसत नव्हतं. तुला देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच चाकरी कर, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. रमाबाईंनी पुढं आयुष्यभर हा प्रसंग जपून ठेवला. कुठल्या देवाची चाकरी यावर त्यांचं आणि वडिलांचं उत्तर वेगळं निघालं असेल, पण शब्द त्यांनी मोडला असं कुणी म्हणू शकत नाही.

वडिलांपाठोपाठ दीड महिन्याच्या आत आई गेली. आईचं प्रेत न्यायला माणसं मिळेनात. जेमतेम दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा खांदेकरी भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीनं कमी, खांदा पुरेना, म्हणून तिरडीचं टोक तिनं डोक्यावर घेतलं. स्मशान तीन मैलांवर होतं. काही महिन्यांनी बहीणही गेली.

उरले दोघं, भाऊ आणि बहीण. चालत निघाले ते दक्षिणेतून थेट पंजाब, काश्मीरकडं. रेल्वेला पैसे नव्हतेच. थंडीत अंगावर पांघरूण नसायचं. झेलम नदीच्या काठी एकदा थंडी इतकी पडली की दोघांनी वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. खायला कधी भिजवलेलं मूठभर धान्य आणि मीठ. कधी रानबोरं, तीही सालीबियांसकट. आई-वडिलांनी सांगितलेले सगळे नेम-व्रतं हे दोघं करत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या मनातला विश्वास उडत गेला. दुसरं काही हाती आलेलं नव्हतं. होतं ते सुटलं होतं, एवढंच. संकटानं श्रद्धा बळकट होते असं सरसकट म्हणणाऱ्यांनी रमाबाईंच्या आयुष्यातली ही वर्षं वगळू नयेत.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथं चित्रच बदललं. वीस वर्षांची मुलगी संस्कृतमध्ये घडाघडा बोलते हे बघून तिथले पंडित चकित झाले. परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. ख्रिस्ती लोकांशी पहिली गाठ इथंच पडली, आणि ती मोठी मजेशीर. एका बैठकीत प्रार्थना सुरू झाली तेव्हा मंडळी खुर्च्यांकडं तोंड करून गुडघे टेकून बसली. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात असंच या बहीण-भावाला वाटलं! जाताना कुणीतरी संस्कृत बायबल हातात दिलं. रमाबाईंना तेव्हा त्यातलं फारसं काही पटलं नाही की कळलं नाही.

ज्या भावाबरोबर हजारो मैल तुडवले तो श्रीनिवास ८ मे १८८० ला ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी त्याचे स्नेही, वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. आसामातल्या सिलचरला संसार थाटला. तिथं घरातल्या पुस्तकांत बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान त्यांना सापडलं. कुणी ठेवलं, कसं आलं, त्यांना आठवेना. वाचायची ओढ लागली. एक मिशनरी येऊन समजावून सांगू लागले. पती मिशन शाळेत शिकलेले, पण ख्रिस्ती व्हायचं हे त्यांना पसंत नव्हतं, म्हणून ते तिथंच थांबलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. ४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्यानं पती गेले. लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. पोर दहा महिन्यांची.

चोवीस वर्षांच्या वयात आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, सगळे गेलेले. जवळ एक तान्ही मुलगी. अशा स्थितीत त्या पुण्याला आल्या.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, भांडारकर वगैरे सुधारक मंडळींनी आधार दिला. आर्य महिला समाज निघाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघालं, हंटर कमिशनपुढं साक्ष झाली. बायकांना शिकवायला शिक्षिका पाहिजेत आणि तपासायला बाई डॉक्टर पाहिजेत, हे त्यांनी कमिशनला ठणकावून सांगितलं. स्वतःच डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनात होतं. पुस्तकाच्या विक्रीचा पैसा धरून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. बरोबर लहान मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. वाँटेज गावात ख्रिस्ती जोगिणींच्या मठात उतरल्या. तिथं दोन घाव बसले. एक म्हणजे कान. ऐकू येणं कमी होत गेलं आणि डॉक्टरकीचा दरवाजा कायमचा बंद झाला. दुसरा घाव जास्त खोल होता. परमुलखात आनंदीबाई भगत यांच्या मनावर ताण आला आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला. आपल्याला जबरीनं बाटवतील ही भीती त्यांच्या मनात बसली होती.

त्यानंतर थोड्याच काळात, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. इकडं पुण्यात गहजब झाला. भूल पाडली, फसवलं, असं बरंच बोललं गेलं. पण ज्यांनी रमाबाईंची नंतरची पत्रं वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की या बाईला फसवणं सोपं नव्हतं. लंडनजवळ फुलहम इथं त्याच जोगिणींचं एक घर होतं. समाजानं टाकलेल्या, वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना तिथं मायेनं वागवून उभं केलं जाई. अशा बाईला कुणी घरात घेतं हे रमाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं. याचं कारण त्यांनी विचारलं, तेव्हा शोमरोनी बाईची आणि येशूची विहिरीवरची गोष्ट त्यांना सांगण्यात आली. त्यांच्या मनाचं पारडं झुकलं ते तिथं. पुढची बौद्धिक खिंड पार करायला नीलकंठशास्त्री गोरे यांचं लेखन उपयोगी पडलं. तेही मूळचे शास्त्री आणि नंतर ख्रिस्ती झालेले.

बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंनी मान तुकवली असं नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून त्यांनी मठातल्या गुरूंशी लांबलचक पत्रव्यवहार करून वाद घातला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारलं. मांसाहार केला नाही तो शेवटपर्यंत नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या, पण पुरुष विद्यार्थ्यांना एका हिंदी बाईनं शिकवावं याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यावरही त्यांनी खडे बोल सुनावले. थोडक्यात, पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटत होत्या आणि इंग्लंडला पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. दोन्हीकडून मार खायचा हा प्रकार पुढं अनेक वर्षं चालला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी. तिथं भाषणं केली, हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. चार वर्षांनी, त्याच ११ मार्चला, तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. कर्व्यांच्या पुढच्या सगळ्या कामामागं शारदा सदनाचा हा धागा आहे, तो कुणी फारसा सांगत नाही.

पुण्यात पुन्हा वादळ

सदन १८९० मध्ये पुण्याला आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला जे पाळायचं ते पाळावं, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. बस्स, ठिणगी पडली. केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांच्या सल्लागार मंडळानं राजीनामा दिला. पालकांनी मुली काढून नेल्या.

यात चूक कुणाची यावर अजूनही दोन बाजूंनी लिहिलं जातं. मुलींचे पालक घाबरले ते अगदीच विनाकारण म्हणता येत नाही, कारण सदन धर्मनिरपेक्ष राहील या शब्दावर त्यांनी पोरी पाठवल्या होत्या. पण स्वतःच्या घरात प्रार्थना करताना दार लावून घ्यायचं, हे रमाबाईंच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

याच्या आधीच, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनात आणखी एक उलथापालथ झाली होती. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षं झाली होती. तरी त्यांना वाटू लागलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. डोक्यानं सगळं मान्य केलं, पण अंतःकरणाला शांती नाही. एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना हे त्यांना टोचलं. मग वाद, सिद्धांत, पंथ हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी स्वतःला देवावर टाकलं. माणसांचा आधार सुटत गेला तो नेमका याच वर्षांत. सल्लागार गेले, मुली गेल्या, दहा वर्षांची अमेरिकेची मदत १८९८ ला संपणार हेही दिसत होतं. केडगावची जमीन घेतली ती यासाठीच. फळझाडं लावायची, उत्पन्न काढायचं, त्यावर शाळा चालवायची. कुठल्याही कष्टकरी माणसाला पटेल असा हिशेब.

एकदा त्या लोणावळ्याला ख्रिस्ती मेळाव्याला गेल्या होत्या. बरोबर पंधरा मुली होत्या. रानात प्रार्थना करताना त्यांच्या मनात आलं की देवाकडं मागायचंच तर पंधराचे पंधरापट मागावं, म्हणजे दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा ख्रिस्ती मुली मोजक्याच. हे कसं घडणार याचा काही मेळ नव्हता.

दुष्काळ

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंना तिरुपतीचं रान आठवलं. आपण त्या पोरींच्या जागी होतो हे आठवल्यावर घरात बसवेना. पदरी पैसा नव्हता, तरी त्या मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रं आणि आसरे पाहिले. हाडांचे सापळे, आणि त्या सापळ्यांतून कोवळ्या मुली व विधवा हेरून पळवणारी माणसंही. हे दुसरं जास्त भयंकर होतं. उपाशी मुलीला मूठभर दाणे दाखवून कुठं नेलं जातं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या.

आणल्या तर पुण्यात प्लेग. एवढी माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग एकच जागा उरली, केडगावचा माळ. तंबू ठोकले, झोपड्या उभ्या केल्या. पावसात हाल झाले, आजार पसरले, बऱ्याच मुली वाचल्या नाहीत. प्लेगच्या बंदोबस्तातही सदनातल्या एका मुलीची वाताहत झाली, तेव्हा रमाबाईंनी सरकारी इस्पितळाच्या कारभाराविरुद्ध मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड लिहिलं. गोरे अधिकारी ख्रिस्ती म्हणून त्यांना सोडलं नाही. गव्हर्नरनं आरोप नाकारले, तरी रमाबाई मागं हटल्या नाहीत.

१८९७ च्या नोव्हेंबरात केडगावहून बैलगाड्या भीमेच्या काठाला निघाल्या. शंभरावर मुलींनी त्या दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला. लोणावळ्याच्या रानातला तो आकडा रमाबाईंना आठवला असणारच. दोनशे पंचवीस तर केव्हाच पार झाला. या सगळ्याला मुक्ती असं नाव पडलं.

त्यावरही भागलं नाही. १८९९-१९०० ला गुजरातेत छपन्नाचा दुष्काळ पडला. संवत १९५६ चा म्हणून छपन्नाचा. रमाबाईंनी माणसं पाठवली, आणि मुक्तीतली संख्या एकोणीसशेच्या घरात गेली. दावणीची चार जनावरं दुष्काळात जगवायची म्हटलं तरी काय होतं हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. इथं एकोणीसशे तोंडं, तीही उपासमारीनं खंगलेली, आणि अवर्षण केडगावलाही होतंच. विहिरी खणल्या. रोज उपसा व्हायचा आणि सकाळपर्यंत पाझर किती येतो यावर दुसरा दिवस ठरायचा. कुणाकडं हात पसरायचा नाही, गरज देवाला सांगायची, असा रमाबाईंचा या काळातला नेम होता. व्यवहारी माणसाला हे पटणं अवघड आहे. पण त्याच वेळी त्या देणगीदारांना पै-पैचा हिशेब देत होत्या, आणि कुदळ-फावडंही थांबलेलं नव्हतं. प्रार्थना आणि पाझर दोन्हीकडं त्यांचं लक्ष असे.

मुक्तीत मुलींना नुसतं लिहायला-वाचायला शिकवलं नाही. माग होते, तेलाची घाणी होती, शेती, गुरं, शिवण, छापखाना. प्रत्येकीच्या हाताला काम आलंच पाहिजे असा दंडक. विद्या पुष्कळ पण हाताला काम नाही म्हणून आपलं कुटुंब कसं संपलं हे रमाबाईंनी पाहिलं होतं, त्यामुळं या दंडकाचं मूळ शोधायला लांब जायला नको. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवायची सोय झाली. त्यासाठी मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली होती.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रडत, पापं कबूल करत, तासन् तास प्रार्थना करू लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत आजही त्या संजीवनाचं नाव निघतं. बाहेरून पाहणाऱ्या काही मिशनऱ्यांनाही तो प्रकार अतिरेकी वाटला होता. रमाबाईंचं म्हणणं असं की आपल्या माणसांनी आपल्या पद्धतीनं देवाला हाक मारावी, इंग्रजी शिस्त मध्ये आणू नये.

शेवटचं काम

त्यांचं शेवटचं मोठं काम बायबलच्या भाषांतराचं. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालेलं. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरं ओळखणाऱ्या बाईला ते कळत नाही, हे त्या रोज बघत होत्या. संस्कृतच्या पंडितेनंच संस्कृत शब्द गाळायचं ठरवलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या, तेही उतारवयात, कान जवळपास गेलेले असताना. पंधरा-सोळा वर्षं हे काम चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, तपासणाऱ्या बायका मुक्तीतल्याच. यातल्या कितीतरी दुष्काळातून आलेल्या. नवा करार आधी छापून झाला. जुना करार मोठा, तो रेंगाळत राहिला.

आणि मग १९२१. मनोरमाबाई आईच्या पश्चात मुक्ती सांभाळतील हे सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. गुलबर्ग्याला मुलींची शाळाही त्यांनी नावारूपाला आणली होती. पण हृदयाचा आजार होता. २४ जुलै १९२१ ला मिरजेच्या इस्पितळात त्या गेल्या. वय चाळीस. वाळूच्या खड्ड्यातून, बोटीतून, तंबूतून ज्या आयुष्यानं वाट काढली होती त्याचं उरलेलं एकुलतं माणूस गेलं. बघणारे सांगत की रमाबाई शांत होत्या. शांत म्हणजे दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? त्या स्वतःही थकलेल्या, आजारी. पण दुसऱ्या कुणाला दोष दिला नाही, देवालाही नाही. तिरुपतीच्या रानातून बाहेर पडलेल्या मुलीच्या मनात जे रितेपण होतं ते त्रेसष्टाव्या वर्षी या बाईच्या मनात नव्हतं, एवढं तिच्या वागण्यावरून दिसतं. मुलीला निरोप देऊन आल्या आणि पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या.

मुक्तीत अशी आठवण सांगतात की शेवटी शेवटी तब्येत फार ढासळली तेव्हा बाईंनी देवाकडं थोडे दिवस मागून घेतले, बायबलची शेवटची मुद्रितं पुरी करायला. ५ एप्रिल १९२२ ला पहाटे झोपेतच त्या गेल्या. भाषांतराचं काम तेव्हा हातावेगळं झालेलं होतं. केडगावलाच माती झाली. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यातून, त्या बायकांच्याच हातांनी.